तेरा महिन्यांचं बाळ हाकेला वळत नाही: थांबायचं की थेरपी सुरू करायची?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगा १३ महिन्यांचा आहे. नावाने हाक मारली तर बहुतेक वेळा वळत नाही, टाटा करत नाही, बोट दाखवत नाही, गाडी उलटी करून चाकं फिरवत बसतो. रांगतो, धरून उभा राहतो, गुदगुल्या केल्या की खळखळून हसतो. जेवताना मोबाइल लागतो. तुमचे बालरोगतज्ज्ञ म्हणाले, ‘दोन वर्षांपर्यंत वाट बघू.’ सासूबाई म्हणतात, ‘याचे बाबाही तीन वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते.’ आणि घराजवळच्या एका सेंटरमध्ये वीस मिनिटं बघून सांगितलं की ऑटिझम (स्वमग्नता) आहे, आठवड्याला पाच दिवस या, महिना अठ्ठावीस हजार, उशीर केलात तर वेळ हातची जाईल. थांबावं की सुरू करावं, नोकरी सोडावी का आणि घरात एकच भाषा ठेवावी का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी विकासात्मक बालरोगतज्ज्ञ आहे. मुलांचं बोलणं, वागणं, शिकणं का अडलंय हे बघणं हेच माझं रोजचं काम. बाळाला न तपासता निदान होत नाही, त्यामुळे ‘आहे’ किंवा ‘नाही’ यातलं काहीच मी इथे लिहिणार नाही. पण तुमचा निर्णय त्यावाचून अडत नाही.

तुमच्या घरात सध्या दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. याला ऑटिझम आहे का, हा एक. याला आत्ता मदत लागते आहे का, हा दुसरा. डॉक्टरांनी पहिल्याचं उत्तर दिलं आणि त्यात तथ्य आहे. अमेरिकेत सॅन डिएगोमध्ये १,२६९ मुलांचा पाठपुरावा करून २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अनुभवी मानसशास्त्रज्ञांनी रीतसर चाचण्या घेऊन १२-१३ महिन्यांच्या वयात केलेलं ऑटिझमचं निदान पुढे जेमतेम निम्म्या मुलांत टिकलं. १४ महिन्यांना तेच प्रमाण ७९ टक्के झालं, १६ महिन्यांना ८३ टक्के. म्हणजे तुमच्या मुलाच्या वयात ठाम निदान हे घाईचं, आणि वीस मिनिटांत केलेलं तर अजिबात धरून चालू नका. पण त्याच आकड्यांतून हेही दिसतं की चित्र स्पष्ट व्हायला दोन वर्षं लागत नाहीत, काही महिने पुरतात. ‘दोन वर्षांपर्यंत थांबू’ या सल्ल्याशी माझं पटत नाही ते इथे. पुढची तारीख न देता थांबा म्हटलं की घरचे ते ‘काही नाही’ असं ऐकतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या पत्रातच आहे. वर्षाचं होईपर्यंत बाबाबा-दादादा अशी बडबड नाही, टाटा, नमस्ते, बोट दाखवणं, ‘घे’ म्हणून हात पसरणं यातलं काहीच नाही, १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांचं स्वतःचं वाक्य नाही, किंवा कोणत्याही वयात आलेली गोष्ट गेली, यापैकी काहीही असलं तर तपासणी करावी, हे आम्हा लोकांत सर्वमान्य आहे. तुमच्या मुलात हावभाव नाहीत आणि हाकेला प्रतिसाद नाही. मदत सुरू करायला एवढं पुरतं. नाव काय द्यायचं ते नंतर ठरेल.

आता लक्षणांकडे जरा जवळून बघू, कारण इंटरनेटवरच्या याद्या वाचून आईवडील भलत्याच गोष्टींनी घाबरतात आणि नेमक्या गोष्टी सुटतात.

हाकेचंच घ्या. माझ्याकडे आलेल्या आईला मी सांगते, त्याला हाक मारा. ती लगेच पुढे वाकते, टाळी वाजवते, ‘पिल्लू, इकडे बघ, हे बघ काय!’ म्हणते. मग तो वळतो तो टाळीला. चाचणी अशी करायची: तो खेळण्यात गुंतलेला असताना, त्याच्या मागे किंवा बाजूला चार-पाच फुटांवर उभं राहून, हातात काही न घेता, नेहमीच्या आवाजात फक्त नाव. थांबा. पुन्हा एकदा नाव. आणि नाव तेच घ्या जे त्याच्या कानावर रोज पडतं. पाळण्यातलं नाव एक आणि घरात पिल्लू, सोन्या, राजा अशी पाच, असं असेल तर आधी दोन आठवडे सगळ्यांनी एकच वापरा आणि मग बघा.

बोट दाखवण्याचंही तसंच. ‘पंखा कुठाय?’ विचारल्यावर वर बघणं हे बहुतेक मराठी घरांतली बाळं शिकतात. छानच आहे, पण ते पाठ केलेलं असू शकतं. मला बघायचं असतं ते वेगळं: खिडकीत कावळा आला आणि बाळाने तिकडे बोट केलं, मग वळून तुमच्याकडे पाहिलं, तुम्हीही पाहिलंत ना याची खात्री करायला. काहीही मागायचं नसताना, नुसतं दाखवण्यासाठी केलेली ही खटपट ९ ते १४ महिन्यांच्या दरम्यान येते आणि पुढची भाषा बरीचशी तिच्यावर उभी राहते. मागण्यासाठीचं बोट काही मुलांत येतं आणि दाखवण्यासाठीचं येत नाही, म्हणून दोन्ही वेगळी विचारावी लागतात.

तपासताना मी साबणाच्या फुग्यांची बाटली वापरते. दोन-तीनदा फुगे उडवायचे, मग झाकण घट्ट लावून बाटली बाळाच्या हातात द्यायची आणि गप्प बसायचं. काही बाळं झाकणाशी झटापट करतात, माझ्या तोंडाकडे बघतात, ‘अं!’ करतात आणि बाटली पुढे करतात. काही माझा हात मनगटापाशी धरून झाकणावर ठेवतात, चेहऱ्याकडे मात्र बघत नाहीत. काही बाटली गोल फिरवत बसतात, फुगे विसरून जातात. त्या अर्ध्या मिनिटात मला बरंच कळतं, निदान मात्र त्यावरून होत नाही. भूक, झोप, सर्दी, अनोळखी खोली यांनी हे सगळं बदलतं.

तुमच्याकडे त्याच्या पहिल्या वाढदिवसाचा व्हिडिओ असेलच. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी १९९४ मध्ये नेमके तेच केलं होतं: पुढे ऑटिझमचं निदान झालेल्या ११ मुलांचे आणि इतर ११ मुलांचे पहिल्या वाढदिवसाचे घरगुती व्हिडिओ पाहिले. फरक दिसला तो चेहऱ्याकडे बघणं, वस्तू दाखवणं, बोट दाखवणं आणि हाकेला वळणं यांत. तुम्हीही बघा. सगळे टाळ्या वाजवतात तेव्हा तो कुणाकडे बघतो, की फक्त मेणबत्तीकडे?

उलट काही गोष्टींना फार घाबरू नका. आनंदाने हात फडफडवणं, डोकं हलवणं, पंजावर उभं राहणं, गाडीची चाकं फिरवणं या वयात पुष्कळ मुलं करतात. चाकांबद्दल माझा प्रश्न एवढाच: तुम्ही शेजारी बसून दुसरी गाडी फिरवली तर तो तुमच्याकडे बघतो का, आणि आवडता खेळ सुरू झाला तर चाकं सोडून येतो का. गुदगुल्यांना तो हसतो ही जमेची बाजू आहे. त्यावर पुढे काम करता येईल. पण हसतो म्हणजे ऑटिझम नाहीच, असंही समजू नका.

सासूबाईंचं म्हणणं उडवून लावू नका. घराण्यात उशिरा बोलणं असतं आणि ते मी दर वेळी विचारते. त्यांना एवढंच विचारा: बाबा बोलत नव्हते तेव्हा हवं ते कसं सांगायचे? नुसती उशिरा बोलणारी मुलं बोट, मान, डोळे, पदर ओढणं, सगळं वापरून घर डोक्यावर घेतात. शब्दांशिवायही त्यांचं सांगणं अखंड चालू असतं. ते तसं होतं की बाबा एकटेच तासन्‌तास खेळत बसायचे, यावर अर्थ बदलतो.

थेरपीच्या आधी काही तपासण्या मात्र या आठवड्यातच करा. पहिली ऐकण्याची. ‘जाहिरातीचं संगीत लागलं की धावत येतो, म्हणजे ऐकू येतं’ हा युक्तिवाद मी रोज ऐकते. कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं असेल किंवा काही ठरावीक आवाजच ऐकू येत नसतील, तरी मूल टीव्हीकडे धावतं. जन्मानंतरची चाचणी नीट आली असली तरी पुन्हा करा. बेरा ही ऐकण्याची चाचणी झोपेत होते, ती या वयात सोपी जाते. दुसरी, रक्तातल्या बी-१२ या जीवनसत्त्वाची. आई शाकाहारी, बाळ मुख्यतः अंगावरच्या दुधावर, वरचं खाणं जेमतेम, आणि बाळ मलूल, बोटांच्या पेरांवर काळसर त्वचा, हात थरथरणं, येत असलेलं जाणं, असं आपल्याकडे दिसतं. ते चुकून ऑटिझम म्हणून वर्षभर थेरपीत राहिलं तर वाईट, कारण त्याला औषध आहे. हिमोग्लोबिनही त्याच वेळी बघून घ्या.

तिसरी गोष्ट लगेच करायची आहे. झोपेतून उठताना बाळ एकदम मान-कंबर वाकवून हात पुढे टाकतं, क्षणात सैल पडतं, काही सेकंदांनी पुन्हा, असं ओळीने होतं का? घरचे त्याला दचकणं किंवा पोटदुखी समजतात. हे पहिल्या वर्षातले आकडीचे प्रकार असू शकतात आणि त्यात बाळाचं बघणं-हसणंही कमी होतं. असं काही दिसलं असेल तर मोबाइलवर चित्रण करा आणि त्याच दिवशी बालमेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा, ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) करायला लागेल.

बाळ दिवस पूर्ण व्हायच्या आधी झालं असेल तर वय मोजताना तेवढे आठवडे वजा करा. मोठ्या भावंडाला ऑटिझम असेल तर धाकट्यात शक्यता साधारण २० टक्के असते, तेव्हा मी आणखी लवकर पाऊल उचलते. तुम्ही यापैकी काही लिहिलेलं नाही.

मोबाइलचं थोडक्यात सांगते. मोबाइलमुळे ऑटिझम होतो असं सिद्ध झालेलं नाही, आणि ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ नावाचं मान्यताप्राप्त निदान नाही. स्वतःला दोष देऊ नका. पण जेवणाचा अर्धा तास दिवसातून तीन-चार वेळा येतो, आणि त्या वेळी त्याच्यासमोर तुमचा चेहरा नसून स्क्रीन असते. दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच, आजी-आजोबांचा व्हिडिओ कॉल चालेल, असंच भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. बंद केल्यावर चार दिवस रडारड होईल, घास कमी जातील. बंद करून काही आठवड्यांत मूल खुललं तर उत्तम. पण ते बघत बसण्यासाठी बाकीचं काम अडवू नका. आणि १५ महिन्यांची एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लस ठरल्या दिवशी द्या. लस आणि ऑटिझम जोडणारा १९९८ चा लेख १२ मुलांवरचा होता आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो २०१० मध्ये मागे घेतला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांवर केलेल्या २०१९ च्या अभ्यासात असा संबंध आढळला नाही.

आता मुख्य तोलामोल: लवकर सुरू केल्याने फायदा होतो का?

तुमच्या मुलाच्या वयाला सर्वांत जवळचा अभ्यास ऑस्ट्रेलियातला, २०२१ चा. पर्थ आणि मेलबर्नमध्ये ९ ते १४ महिन्यांच्या, अशीच लक्षणं दिसणाऱ्या १०३ बाळांचे दोन गट केले. एका गटाच्या घरी थेरपिस्ट दहा वेळा जायचे, आईचं आणि बाळाचं खेळणं चित्रित करायचे आणि आईसोबत बसून बघायचे: इथे त्याने बघितलं, तुम्ही काय केलंत, त्यावर तो काय म्हणाला. दुसऱ्या गटाला नेहमीची सेवा. मुलं तीन वर्षांची झाली तेव्हा पहिल्या गटातल्या ४५ पैकी ३ मुलांना ऑटिझमचं निदान मिळालं, दुसऱ्यातल्या ४४ पैकी ९ जणांना. यावर ‘ऑटिझम टळला’ असे मथळे आले. मी तसं म्हणणार नाही, आकडे लहान आहेत. पण बाळाला खुर्चीत न बसवता, आईला बघायला शिकवून, महिन्यातून दोनदा भेटून एवढा फरक दिसतो, हे मी गंभीरपणे घेते. याच व्हिडिओ पद्धतीच्या जवळची एक पद्धत गोव्यात आणि रावळपिंडीत थोड्या मोठ्या, २ ते ९ वर्षांच्या ६५ मुलांवर वापरली गेली. ती तज्ज्ञांऐवजी प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांसारख्या कार्यकर्त्यांनी चालवली, आणि आईवडिलांचा मुलाशी असलेला ताळमेळ सुधारला. महागडं सेंटर नसेल तर काहीच होत नाही, असं नाही.

दुसरी बाजूही सांगते. २०१२ मध्ये अमेरिकेत १४ ते २४ महिन्यांच्या ९८ मुलांच्या आईवडिलांना १२ आठवडे शिकवलं, तेव्हा नेहमीच्या सेवेपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. ‘आठवड्याला वीस तास’ ही कल्पना ज्या अभ्यासातून सेंटरवाल्यांपर्यंत आली त्यात ४८ मुलं होती आणि ती १८ ते ३० महिन्यांची, निदान झालेली होती. त्यांना चांगला फायदा झाला, पण तुमचं मूल त्या गटात बसत नाही. आणि २०२४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा तास वाढवले की फायदाही वाढतो, याला भक्कम पुरावा मिळाला नाही.

म्हणून माझं मत असं: मदत आज सुरू करा, पॅकेज आज घेऊ नका. लवकर सुरू करून पुढे काहीच निघालं नाही, तर तुमचं नुकसान म्हणजे बाळाशी थोडं जास्त खेळलात. नुसतं थांबून पुढे निदान झालं, तर वर्ष गेलं. आणि रोज तासभर एसी खोलीत अनोळखी माणसासमोर रडणारं १३ महिन्यांचं मूल आणि कर्ज काढणारे आईवडील, हेही नुकसानच आहे. तिसऱ्या वर्षी मेंदूचं दार बंद होत नाही, मुलं पाचव्या-आठव्या वर्षीही शिकतात. या भीतीवर कुणी पैसे मागत असेल तर उठून या. स्टेम सेलचं नाव काढणाऱ्याकडून तर लगेच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) मार्गदर्शक तत्त्वांनुसार ऑटिझमसाठी ते उपचार संशोधनाच्या चाचणीबाहेर देता येत नाहीत.

चांगला थेरपिस्ट ओळखायचा तर दोन गोष्टी बघा: तो तुम्हाला खोलीत बसवतो का, आणि निघताना घरी करायचं एखादंच काम नीट समजावून देतो का. हनुवटी धरून ‘लुक ॲट मी’ करणारा नको. सरकारी सोय हवी असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, मोफत. काही ठिकाणी सगळी पदं भरलेली असतात, काही ठिकाणी नसतात. एकदा जाऊन बघा. मुंबईजवळ असाल तर वांद्र्याची अली यावर जंग संस्था ऐकण्या-बोलण्याच्या तपासणीसाठी आहे.

घरी काय करायचं? तुमच्याकडे सासूबाई मालिश करतात असं तुम्ही लिहिलंय. त्याहून चांगली वेळ नाही, कारण बाळ उताणं, चेहरा समोर, हात रिकामे. त्यांना सांगा: नेहमीचं बडबडगीत म्हणा, पण शेवटच्या शब्दाआधी थांबा. हात हवेत, तोंड उघडं, मनात पाचपर्यंत मोजा. त्याने नजर टाकली, पाय हलवला, ‘अं’ केलं, की लगेच शब्द आणि गुदगुली. बुवा-कुक करतानाही पदर घेऊन तसंच थांबायचं. आपण मोठी माणसं हा मधला वेळ सहन करत नाही, लगेच ‘बोल ना, हे काय, हे काय’ सुरू करतो. प्रश्न कमी करा, तो जे करतो ते करा. त्याने चाक फिरवलं, तुम्हीही फिरवा, ‘गोल गोल’ म्हणा, थांबा. त्याच्या हातातून गाडी काढून घेऊ नका. जमेल तेव्हा तीन मिनिटांचं चित्रण करा आणि रात्री दोघं मिळून बघा, त्याने किती वेळा तुमच्याकडे बघितलं आणि तेव्हा तुम्ही मोबाइलमध्ये तर नव्हता ना.

तारखा लिहून ठेवा. या आठवड्यात कान, रक्त आणि शक्य असल्यास विकासतज्ज्ञांची वेळ. महिन्याने पुन्हा तोच हाकेचा प्रयोग. १६ महिने पूर्ण झाले की एम-चॅट ही ऑटिझमच्या शक्यतेसाठीची २० प्रश्नांची मोफत चाळणी-प्रश्नावली भरा. ती १६ ते ३० महिन्यांसाठीच आहे, आत्ता भरून मिळालेल्या गुणांना अर्थ नाही. तेव्हा ३ किंवा जास्त गुण आले तर पुढची तपासणी लागते. १८ महिन्यांना निदानाच्या दृष्टीने नीट तपासणी, गुण कितीही येवोत. मध्ये केव्हाही येत असलेलं काही गेलं, तर तारखेची वाट बघू नका.

भाषेबद्दल: तुम्हाला ज्या भाषेत लाड करता येतात आणि रागावता येतं, ती बोला. घरात मराठी आणि पाळणाघरात हिंदी असेल तर राहू द्या. दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही आणि ऑटिझम असलेली मुलं दोन भाषा शिकतात. ‘फक्त इंग्रजी बोला’ म्हणणाऱ्या शाळेचा किंवा थेरपिस्टचा सल्ला घेऊ नका; आजीचं इंग्रजी थांबलं की आजीच थांबते.

नोकरी आत्ता सोडू नका. मी सांगितलेलं काम मालिश, अंघोळ, घास, झोप यांतच बसतं आणि ते तुम्ही, बाबा आणि सासूबाई वाटून घेऊ शकता. तपासण्यांसाठी चार-सहा दिवस रजा लागेल, तेवढी काढा. पुढे निदान झालंच तर खर्च बरीच वर्षं चालतो, तेव्हा तुमचा पगार लागेल. १८ महिन्यांच्या तपासणीनंतर, थेरपी किती आणि कुठे ते कळल्यावर, कामाचे तास कमी करायचे का हा विचार नवऱ्यासोबत बसून करा, आणि त्या हिशेबात त्यांचेही तास धरा.